सामाईक ऊन

घरी सांगते, माझं काम सोपं आहे.
विमानातून मोजलेली ग्वाल्हेरची उंचसखल
पडद्यावर पसरायची,
तिच्यावरून सूर्य फिरवायचा
एकवीस जूनपासून बावीस डिसेंबरपर्यंत, आणि परत,
मग छपरं रंगवायची.
लाल म्हणजे भरपूर. पिवळं म्हणजे बरं.
निळं म्हणजे नाद सोडा.

पहिल्याच आठवड्यात किल्ल्यानं गोंधळ घातला.
प्रोग्रामला तो इमारत वाटला,
एवढ्या थोरल्या छपराची वीज त्यानं हिशोबात धरली.
साहेब खूश.
मी किल्ला पुसला, तर त्याची सावलीही गेली,
आणि किला गेटची घरं,
जिथं थंडीत चारलाच दिवेलागण होते,
एकदम लालबुंद.
सावली परत आणायला दोन दिवस लागले.

पण सांगायचं होतं ते लष्करातलं,
चिटणीसांच्या गोठीतलं.

शंभरातली पाच घरं चढून बघायची असतात.
पेंढरकरांची गच्ची: जुना मोझॅक,
दोन काळ्या टाक्या, वर्तमानपत्रावर वाळत घातलेली मेथी,
आणि गेरूच्या दोन रेघा, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत.
वडील गेल्यावर ओढलेल्या.
तीन भाऊ, तीन पट्टे.
"भांडण नव्हतं हो," थोरले त्र्यंबकराव म्हणाले,
"रुमालात चिठ्ठ्या टाकल्या, आईनं उचलल्या. झालं."
बत्तीस वर्षं त्या रेघांकडे कुणी पाहिलं नाही.
धाकट्याच्या पट्ट्यात थोरल्याच्या रजया,
मधल्याच्या पट्ट्यात सगळ्यांची पोरं.

मी टॅब उघडला.
गच्ची लाल, आणि मधल्या पट्ट्यावर निळा डाग.
जिन्यावरची मुमटी आठ फूट उंच;
बावीस डिसेंबरला, भर बाराला,
तिची सावली साडेनऊ फूट,
उत्तरेला, म्हणजे यशोधनरावांवर.

ते वाकून बघत राहिले.
चष्मा वर. चष्मा खाली.
मग हळूच, "किती युनिट कमी पडतात हो, सालभरात?"
आकडा होता, मी सांगितला.
त्यांनी त्याला बत्तीसनं गुणलं.

पाण्याची थकबाकी ऐकली होती, घरपट्टीची ऐकली होती.
उन्हाची त्या दिवशी पहिल्यांदा.

धाकटे म्हणाले, मुमटी सामाईक आहे.
मधले म्हणाले, मुमटी सामाईक, मग सावली एकट्याची कशी?
कुणीतरी खालून वाटणीचा कागद आणला.
त्यात मोरी होती, विहिरीचा रहाट होता,
तुळशीपुढची अडीच फूट जागा होती,
एक पितळी घंगाळ होतं, पोचा आल्याच्या नोंदीसकट.
ऊन कुठंच नव्हतं.
संध्याकाळी झाशीहून मंदाआत्यांचा फोन:
"हक्कसोड मी घराचा केला होता.
उन्हाचा नाही."

मी टॅब बंद केला, पण म्हणून काय.

जानेवारीत फेरतपासणीला गेले.
त्याआधी नऊ दिवस नुसतं धुकं.
नकाशात धुकं दिसत नाही, ते सरासरीत विरघळतं;
इथं मात्र सगळं शहर निळं होतं,
तिन्ही पट्टे, किल्ला, साहेबांचा बंगला.
दहाव्या दिवशी अकराच्या सुमाराला ऊन पडलं,
आणि मी वर पोचले तेव्हा
अख्खं घर गच्चीवर,
थोरल्यांच्या आणि धाकट्यांच्या मिळून
जिथं जिथं ऊब होती तिथं.
कुणी कुणाशी बोलत नव्हतं.
मटार मात्र एकाच परातीत पडत होते.
सावली सरकली तशी यशोधनरावांनी
खुर्ची सरकवली, मागे न बघता;
दोन पाय रेघेच्या अलीकडे, दोन पलीकडे.

फॉर्मवर एक रकाना असतो: छपराची मालकी.
मी लिहिलं, सामाईक.
पेन्सिलनं.
पेनाचं मार्चमध्ये बघू.